अर्धा कान

अकोल्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या बायकोचा चेहरा मात्र मला अजून पाठ आहे.

तिच्या वाढदिवसाला स्टेटस ठेवायचं म्हणून तो मोबाइलवर तिचा चिखलदऱ्याचा फोटो नीट करत होता. जीभ दातात धरून, जाडजूड बोटानं, तिच्यामागे कणीस खात उभ्या असलेल्या कुणा माणसाला पुसत होता. त्या माणसाबरोबर बायकोचा अर्धा कानही गेला. "अरारा!" म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून लागला.

मी अमरावतीत लग्नाचे अल्बम बनवते. मांडीवरच्या लॅपटॉपवर एका नवरीच्या गालावरचे डाग काढत होते. ते पाहून त्यानं विचारलं, "ताई, हे मोठं सॉफ्टवेअर शिकू का मी? का मोबाइलातलं साधंच पुरे?"

"मोठं शिकायला वर्षं जातात. फोटो पाठवा, मीच करून देते."

"नाही, राहू द्या," तो हसला. "इतकं साफ झालं तं ती म्हणन, दुकानातून करून आणलं. माह्या हातचं बिघडलेलं तिले बरोब्बर ओळखू येते."

शेवटी मूर्तिजापूरला त्यानं अर्ध्या कानाचाच फोटो टाकला. लगेच तिचा फोन आला. तिचं खळखळून हसणं मला इकडे ऐकू आलं, आणि त्या अनोळखी बाईचा असा राग आला की लॅपटॉपच मिटला.

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर माझे सुंदर फोटो आहेत. टायमर लावून मीच काढलेले, मीच साफ केलेले. त्यांत माझे दोन्ही कान जागच्या जागी आहेत.