मधले पावणेदोनशे किलोमीटर

बेंगळुरूहून नागपूरला जाणारा रस्ता आमच्या अण्णांपेक्षा जास्त पाठ असलेला माणूस अजून जन्माला यायचाय. अण्णा म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नणंद जाऊन बरीच वर्षं झाली. ते इथे बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आमच्याच गल्लीत राहतात. तीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर ट्रक चालवला. आता गाडी सुटली, रस्ता सुटला नाही. मी भाजी निवडायला बसले की ते समोर येऊन बसतात आणि अनंतपूर, कर्नूल, हैदराबाद, आदिलाबाद अशी गावं एका दमात म्हणतात, कुठल्या धाब्यावर डाळीत लसूण जास्त असतो तेही सांगतात. माझ्यासारखी न बोलणारी बाई ऐकायला मिळाल्यावर त्यांना आणखी काय हवं!

विमानाचं नाव काढलं की मात्र ते भडकत. एकदा जावयाने फोनवर सांगितलं, रस्त्याने नागपूर अकराशे किलोमीटर, विमानाने सव्वानऊशेच. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. "वहिनी, मधले पावणेदोनशे किलोमीटर गेले कुठे? कुठली गावं गाळली यांनी?" त्यातून विमानतळ देवनहळ्ळीला, नागपूरच्याच रस्त्यावर. "तिथवर मी रस्त्यानेच जायचं आणि मोजताना ते धरायचं नाही? हे काही सरी नाही, बरोबर नाही!"

त्यांची एकुलती एक लेक नागपूरला दिलीय. पहिलं बाळंतपण इकडेच करायचं होतं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला बंदी केली. गेल्या महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच, त्याच संध्याकाळी ऑपरेशन ठरलं होतं. "बाबा, तुम्ही आल्याशिवाय मी आत जाणार नाही," म्हणून ती रडत होती. "हा निघालोच," अण्णा म्हणाले, "आता निघालो की उद्या पहाटे..." आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, चला. विमानाने."

जावयाने तिकडूनच दुपारची तिकिटं काढली. आम्ही दोघंही जन्मात पहिल्यांदाच विमानात बसत होतो. माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, अण्णांचं कपाळ खिडकीच्या काचेला. पाणी घेऊन आलेल्या मुलीला ते म्हणाले, "अक्का, ड्रायव्हरला सांगा, स्वल्प खाली घ्या. कर्नूल दिसत नाही." ती हसू दाबत पुढे गेली. तेवढ्यात खाली एक नदी चमकली. "तुंगभद्रा! वहिनी, तुंगभद्रा! ओढ्याएवढी दिसते हो!" सगळे वळून बघायला लागले. मी पदरात तोंड लपवलं, पण खरं सांगते, मलाही ओरडावंसं वाटत होतं.

नागपूरला उतरल्यावर अण्णांनी घड्याळ बघितलं, कानाला लावून बघितलं. दोन ताससुद्धा झाले नव्हते.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा लेकीला आत नेतच होते. तिने त्यांचा हात घट्ट धरला. एवढे बोलके अण्णा, पण "आलो गं," इतकंच म्हणाले.

मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. अण्णा म्हणाले, "हिची आई गेली तेव्हा मी याच गावात होतो. माल उतरवत होतो. न झोपता गाडी हाणली, तरी उशीर झाला. तेव्हाही विमानं होती ना, वहिनी?"

तेव्हा त्यांना फोन मीच केला होता. "गाडी दामटा, लवकर या," असंच म्हणाले होते. विमान माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"होती," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. दोघंही बंद दाराकडे बघत बसलो. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा अण्णा उठले आणि मलाही हाताला धरून उठवलं.