उर्दूतले दोन कागद

धुरपताबाईनं फारकत मागितली तेव्हा तिच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती. नवरा पिंगळीचा, आश्रुबा नावाचा. मारझोड करणारा नव्हता, पिणारा नव्हता. मूल होईना म्हणून त्यानं कस्तुराबाईला दुसरी बायको करून आणलं, एवढंच. दोन वर्षं दोघी एका चुलीवर राहिल्या. कस्तुराबाईला मुलगा झाला. धुरपताबाईनं तिचं बाळंतपण केलं, सव्वा महिना तिला आणि लेकराला न्हाऊमाखू घातलं, बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. मग एके दिवशी सकाळी धुणं वाळत घातलं, लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि माहेरी राणीसावरगावला निघाली. जाताना तिनं लाकडी पेटीतून आपला कागद तेवढा काढून घेतला.

हा कागद तिच्या बापानं, सटवाजीनं केलेला होता. त्याला मुलगा नव्हता. म्हणून विहिरीजवळचं सहा एकराचं शेत त्यानं लेकीच्या नावानं बक्षीसपत्र करून दिलं होतं. राज्य निजामाचं, सरकारी लिखाण सगळं उर्दूत. सटवाजीला वाचता येत नव्हतं, जावयालाही नाही. दफ्तरात नोंद करायची राहून गेली ती गेलीच, त्यामुळे त्या कागदाची दुसरी नक्कल कुठंच नव्हती.

पुढच्या साली सटवाजी वारला आणि मिरग निघताच आश्रुबा तिफण घेऊन राणीसावरगावात हजर झाला. सासऱ्यानं शेत आपल्याला दिलं होतं, असं तो चारचौघांत सांगू लागला. धुरपताबाईनं पंच बसवले. फारकत द्या आणि शेत सोडा, एवढंच तिचं म्हणणं. आश्रुबा म्हणाला, फारकतीचं बघू, शेत माझं आहे. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं आणि सुपारी कातरत बसले. तेव्हा तिनं बैलगाडीनं गंगाखेड गाठलं आणि तिथून रेल्वेनं परभणी.

वकील दिनकररावांनी तिचा कागद उलगडला, वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, हा तुमचा कागद नव्हे. हा पिंगळीच्या शेताचा कबाला आहे, तुमच्या सासऱ्यानं शेत विकत घेतलं त्याचा."

धुरपताबाई खाली बसली. पेटीत दोन कागद होते, दोन्ही उभी घडी घातलेले, दोन्हींवर सरकारी छाप. तिनं वरचा उचलला होता.

दिनकररावांनी तिला पाणी दिलं आणि धीर दिला. दावा लावल्यावर नवऱ्याकडं काय काय आहे ते अदालतीमार्फत विचारता येतं, कागद हजर करायला लावता येतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. फक्त काय मागायचं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. साल तिला सांगता येईना, पण बाकी सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं. कागद गंगाखेडला झाला, गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर होता, बापानं डाव्या हाताचा अंगठा दिला, तेव्हा शाई धोतराला लागली, साक्षीला गावचा पाटील होता. वकिलांनी हे सगळं उर्दूत उतरवून दरखास्त दिली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची वेळ आली तेव्हा ती अडखळली, पण घेतलं.

सासऱ्याचा कबाला मात्र आपल्याकडेच राहू द्या, असं वकिलांनी बजावलं. तो नसला की आश्रुबा कधी ना कधी अडेल, मग गुमान येईल. धुरपताबाईनं तो परत गाठोड्यात ठेवला.

तारखा पडत गेल्या. गंगाखेडहून गाडी निघायची, पिंगळीला थांबायची, आणि तिथं आश्रुबा चढायचा. तिला पाहिलं की तो दुसऱ्या डब्यात जायचा.

चौथ्या तारखेला अदालतीच्या मुन्सफानं त्याला हलफेवर, शपथ घालून, विचारलं. त्याच्या कारकुनानं, पेशकारानं, मराठीत सांगितलं, की सासऱ्यानं केलेला कागद कुठं आहे ते बोल.

"माझ्या पेटीत एकच कागद हाय," आश्रुबा म्हणाला. "माझ्या बापाच्या शेताचा. दुसरा न्हाई."

शुद्ध खोटं बोलतोय, असं दिनकरराव पुटपुटले. पण धुरपताबाई त्या माणसाला तेरा वर्षं ओळखत होती. खोटं बोलायचं असलं की तो पाल्हाळ लावायचा, चार माणसांची नावं घ्यायचा. आज तो तुटक बोलला होता. तिच्या लक्षात आलं, की याच्या पेटीत माझा कागद आहे आणि हा त्याला आपला समजून बसलाय.

बाहेर आल्यावर तिनं हे वकिलांना सांगितलं. ते खूश झाले. पुढच्या तारखेला तोच कागद हजर करायला लावू म्हणाले, आपल्याजवळच्या कागदाबद्दल चकार शब्द काढू नका. तिनं विचारलं, मग त्यांच्या कागदाचं काय? आपल्याला कुणी मागितलाय, असं म्हणून त्यांनी दप्तर बांधलं.

दुपारच्या गाडीला अवकाश होता. फलाटाच्या टोकाला लिंबाखाली आश्रुबा भाकरी खात बसला होता. धुरपताबाई बराच वेळ लांब बसून राहिली. मग उठून त्याच्यापुढं गेली.

"तुमच्या पेटीतला कागद माझा हाय," ती म्हणाली. "तुमचा माझ्यापाशी हाय. निघताना चुकून उचलला."

आश्रुबाचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"वकिलानं वाचला."

"मग इतके दिस गप का बसलीस?"

"वकील म्हणले म्हणून. पण तुमच्यापाशी काय हाय ते दाखवा, म्हणून मी अदालतीत मागायलेय. मग माझ्यापाशी काय हाय ते मलाबी दाखवाया पायजे."

त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. गाडी आली. त्या दिवशी तो तिच्याच डब्यात चढला, दाराशी बसला, आणि पिंगळीला उतरून गेला.

पुढचा महिना तिला जड गेला. आता तो कागद फाडून टाकेल, जाळेल, आणि आपल्या तोंडानं आपणच शेत घालवलं, असं वाटून तिला जेवण जाईना. तारखेच्या सकाळी वकिलांना खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

आश्रुबा आला तो काखेत कापडी पिशवी घेऊन. पिंगळीच्या मास्तराकडून त्यानं कागद वाचून घेतला होता. पिशवीतून काढून त्यानं तो टेबलावर ठेवला. पेशकारानं मोठ्यानं वाचला, त्यात धुरपताबाईचं नाव आलं, सटवाजीचं आलं, विहिरीचं आलं. तिनं पुढं होऊन कबाला त्याच्या शेजारी ठेवला. मुन्सफानं दोन्ही पाहिले आणि आश्रुबाला विचारलं, तुझं काय म्हणणं?

"कागदावर तिचं नाव हाय," तो म्हणाला. "फारकतबी देतो."

बाहेर आवारात तो क्षणभर तिच्याजवळ थांबला. "कस्तुरा म्हणली, चुलीत घाला," तो म्हणाला. "मी घातला न्हाई." एवढं बोलून तो स्टेशनाच्या वाटेला लागला. धुरपताबाई मुद्दाम मागच्या गाडीनं गेली.

शेत तिनं स्वतः कसलं. दुसरं लग्न केलं नाही. पहिली ज्वारी खळ्यात पडली तेव्हा ती गावातल्या मन्मथअप्पा दुकानदाराकडं गेली. त्याला उर्दू येत होतं. मला बाकी काही शिकवू नका, म्हणाली, माझं नाव कसं लिहितात तेवढं दाखवा. मन्मथअप्पानं पुडीच्या कागदावर ते लिहून दिलं. चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून गिरवून तिनं ते डोळ्यांत बसवलं. पुढं शेतसाऱ्याची पावती हातात आली की आधी आपलं नाव शोधायची, सापडलं की मगच घडी घालायची.

आठ वर्षांनी निजामाचं राज्य गेलं. काही दिवसांनी पावत्या मराठीत यायला लागल्या. धुरपताबाईनं नवी पावती उलटसुलट करून पाहिली, तिला तिचं नाव कुठं दिसेना. ती पदर खोचून पुन्हा मन्मथअप्पाच्या दुकानाची पायरी चढली.