दलालकाका फ्रेंच खानावळीत

अकोला आणि अमरावती येथील समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, फ्रान्स देशाच्या पाककलेचा वऱ्हाडात कायमचा निकाल लागलेला आहे. तो आमच्या दलालकाकांनी लावला. आणि तोही एक घास न खाता.

एखाद्या वस्तूला हात न लावता तिला नावे ठेवणे, हा काकांचा खास गुण. अकोल्याच्या कापूसबाजारात ते दलाली करीत. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस बंद पडून विलायतेला आमचा कापूस हवाहवासा झाला आणि गावातले लोक बैलांची शिंगे चांदीने मढवू लागले, तेव्हा काका म्हणाले, "बैल का आरशात पाह्यते?" भुसावळला बैलगाडी सोडून पहिल्यांदा आगगाडीत बसले, तेव्हा त्यांचा शेरा असा: "पयते खरी, पन हिले थोपटता येत नाई."

त्या आगगाडीने आम्ही मुंबईला निघालो होतो, ते एका मोठ्या कामासाठी. एका इंग्रज व्यापाऱ्याला वऱ्हाडातल्या खरेदीसाठी आपला माणूस नेमायचा होता. एक आमचे काका आणि दुसरा अमरावतीचा एक दलाल, या दोघांतून तो एकाला निवडणार होता. हे काम गेले, तर विलायती पेढ्यांच्या गर्दीत आपल्यासारख्या जुन्या दलालाला बाजारात कोणी विचारणार नाही, हे काका ओळखून होते. मला थोडे इंग्रजी येत असे, म्हणून पुतण्याचा मी दुभाषा झालो.

साहेबाने बोलावले ते मुंबईच्या कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका फ्रेंच खानावळीत. असे जेवण एक इथे, नाही तर पॅरिसात, असे तो म्हणाला. काकांनी जातीचे कारण सांगून पाण्यालाही हात लावला नाही. अमरावतीकराने मात्र गळ्यात रुमाल खोचला, "गावात सांगू नोका, भाऊ," असे माझ्या कानात कुजबुजला आणि काटा उचलला.

परातीएवढ्या बशीत एकुलते एक बटेर आले. काका मला म्हणाले, "एवढ्याशा पाखरासाठी आमी गोफन बी उचलत नाई." मग चीज आले. अहाहा, काय तो दरवळ! काकांनी उपरणे नाकाला लावले. "सरकीची ढेप पावसात भिजली का असाच वास येते. आमची म्हैस बी तोंड फिरवन."

"काय म्हणतात?" साहेबाने विचारले.

"त्यांना घरची आठवण झाली," मी सांगितले.

साहेब मेळघाटातल्या वाघांवर बोलत राहिला. कामाचे नाव नाही. काका अस्वस्थ. इथे आमच्या बाजाराची रीत सांगितली पाहिजे. तिथे भाव कोणी तोंडाने बोलत नाही. दोघे कापडाखाली हात घालतात, बोटे दाबून आकडा सांगतात आणि सौदा होतो. तोंडाने भाव सांगतो तो, काकांच्या मते, भाजीवाला. त्यामुळे वाघांकडे त्यांचे लक्षच नव्हते. ते कापडाची वाट पाहत होते.

आणि कापड आले! मिशांना मेण लावलेला एक फ्रेंच वाढपी, डाव्या हातावर पांढराशुभ्र रुमाल, उजव्या हातात फळांच्या लाल पाकाचे भांडे, असा काकांशेजारी अदबीने वाकला. काकांचा चेहरा खुलला. साहेबाने अखेर आपला माणूस धाडला! त्यांनी झटकन रुमालाखाली हात घातला आणि त्याची बोटे एकेक करून चांगली दाबली.

वाढप्याने किंकाळी फोडली. पाक साहेबाच्या छातीवर.

मी ती रीत परोपरीने समजावली. साहेब शर्ट पुसत म्हणाला, "ज्याला टेबलाशी बसता येत नाही, त्याच्या हाती मी माझा कापूस देणार नाही." काम अमरावतीकराला मिळाले. तोंड भरलेले असल्याने त्याने नुसतीच मान लववली. मी काकांना सगळे जसेच्या तसे सांगितले. सांगताना माझी नजर बशीवरच होती.

पुढल्या दोन हंगामांतच काकांची दलाली बसली. नंतर ते बाजाराकडे फिरकले नाहीत. पण आजही कोणी माझ्यापुढे फ्रेंच जेवणाचे गोडवे गाऊ लागला, की मला ते उठून पागोटे सावरणारे काका दिसतात. भाषांतरासाठी न थांबता, भर खानावळीत, खणखणीत आवाजात ते ओरडले होते, "सायेब, काट्यानं खाता येते म्हनून याले ठेवता, पन कापूस हातानंच पाहा लागते!"