सोन्याबापूंचा सोवळ्यातला पेनड्राईव्ह

सोन्याबापू दुकानात आले की पहिल्यांदा माउस काढून घ्यायचे. नमस्कार नाही, पाणी नाही. सरळ कॉम्प्युटरच्या मागे हात घालून पिन उपसायची, वायरचं वेटोळं करायचं आणि माउस आपल्या खाकी पिशवीत टाकायचा. मग म्हणायचे, "मानूस घाबरला ना ताई, की टकाटका दाबतो. दुखनं ऱ्हातं बाजूला, दाबून दाबूनच मशीनीचा जीव घेतो. आता बसा निवांत." पुढचं सगळं काम ते नुसत्या कीबोर्डवर करायचे, तेही दोन बोटांनी. काम झालं की माउस परत मिळायचा, पण आधी मला "पेनड्राईव्हवर डबल क्लिक करणार नाही" असं तीनदा म्हणावं लागायचं. दोन मुलांची आई मी, आणि हा माणूस मला पाढे म्हणायला लावल्यासारखा म्हणायला लावायचा!

माझं नगरला सावेडीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे. त्यात एक जुना कॉम्प्युटर आहे, मागे पोट सुटलेल्या काचेच्या मॉनिटरचा, आणि त्यावर अजून विंडोज एक्सपी चालतं. हसा खुशाल, सगळेच हसतात. पण माझे मराठी फॉन्ट, वेलबुट्ट्या आणि बावीस प्रकारचे गणपती ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते नव्या मशीनवर चालतच नाही. आणि आमच्या गिऱ्हाइकाला थोरल्या मुलीच्या पत्रिकेत होतं तेच अक्षर धाकटीच्या पत्रिकेत हवं असतं. त्यामुळे एक्सपी आहे, आणि एक्सपी आहे म्हणून व्हायरस आहे. इंटरनेट जोडलेलं नाही, तरी येतो. कुणी कुलदैवताचा फोटो घेऊन येतं, कुणी नवरदेवाचा, आणि पेनड्राईव्हमधून तो मेला बिनबोलावता आत येतो.

मग सुरू होतात त्याचे चाळे. फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा फोल्डर निघतो. खरे फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट बसतात. टास्क मॅनेजर उघडायला जावं तर मशीन सांगतं, तुम्हाला परवानगी नाही. माझ्याच दुकानात मलाच परवानगी नाही! शहरातले पॅन्ट-शर्टवाले इंजिनियर यायचे, पडद्याकडे बघून च् च् करायचे आणि म्हणायचे, "फॉरमॅट मारावा लागेल, मॅडम." बापूंना या शब्दाचा भयंकर राग. "ढेकनं झाली म्हनून कुनी घर पेटवतं का? फाईली कुठं जात न्हाईत. त्यो फकस्त त्यांना चादरीखाली झाकतो आन् तुमाला भ्या दाखवतो. आपन चादर वढायची." मग ते काळी खिडकी उघडायचे, पांढऱ्या अक्षरांत एक ओळ टाइप करायचे, एन्टर दाबायचे आणि डोळे मिटून बसायचे. डोळे उघडले की फाईली परत आलेल्या असायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

बापू मूळचे पारनेरचे मोटार रिवायंडिंगवाले, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशाला पेनऐवजी टेस्टर. पुढे कधीतरी एक मोडका कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून उघडला. "मोटारीपेक्षा सोप्पा हाय. मोटार जळली की वास येतो, ह्यो बिचारा बोलून सांगतो, पर विंग्रजीत सांगतो म्हनून कुनी ऐकत न्हाई." पारनेर ते नगर रस्त्यावरच्या अकरा दुकानांचे कॉम्प्युटर त्यांच्याकडे होते. दर आठवड्याला स्कूटरवरून फेरी मारायचे, एका दुकानातून दुसऱ्यात, आणि प्रत्येक मशीनमध्ये व्हायरसवरचं ताजं औषध भरायचे.

उपचाराआधी उलटतपासणी. "शेवटचा पेनड्राईव्ह कुनाचा घातला?" याचं खरं उत्तर त्यांना जन्मात कुणी दिलं नसेल. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने एकदा कुलदैवताची शपथ घेऊन सांगितलं की महिनाभर मशीनला कुणी हातही लावला नाही. बापूंनी शांतपणे कीबोर्ड उचलला. खालून लाल पेनड्राईव्हचं टोपण निघालं. "मंग हे काय देवानं टाकलं का? डाक्टर, वकील आन् मी, तिघांपाशी खोटं बोलू न्हाई." झेरॉक्सवाला पुढे आठवडाभर माझ्याशीही बोलला नाही, जसं काही टोपण मीच ठेवलं होतं.

स्वतः बापूंचा पेनड्राईव्ह मात्र चुन्याच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून ठेवलेला. त्याला काळा दोरा. "ह्यो सोवळ्यातला. ह्यात निस्ती औषधं." त्याला कुणी बोट लावलं तरी ते वसकन अंगावर यायचे.

आता त्या पत्रिकेचं सांगते. पारनेरच्या अलीकडे एका वस्तीवर दोन भाऊ, तात्या थोरले आणि अण्णा धाकटे. बांधावरून भांडण होऊन आठ वर्षं अबोला. तात्यांच्या मुलीचं, सुवर्णाचं लग्न ठरलं. ती हट्टाला पेटली, चुलते नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही. म्हणून पत्रिकेच्या निमित्ताने दोघं माझ्या दुकानात आले, दोन टोकांच्या दोन खुर्च्यांवर बसले आणि माझ्यामार्फत बोलू लागले. "ताई, त्यांना सांगा, आत्याबाईंचं नाव वर घ्या." "ताई, त्यांना सांगा, घेतलंय, चष्मा लावा." आमच्याकडे पत्रिका म्हणजे नावांचा बाजार. एकशेब्याऐंशी नावं होती! कोण 'आपले नम्र', कोण 'प्रेषक', कोण 'व्यवस्थापक', कोण कुणाच्या वर. चार फेऱ्या झाल्या, तीन प्रुफं फाडली गेली. शेवटच्या दिवशी सकाळी मात्र सगळं जुळलं. तात्या इतके खूश झाले की त्यांनी टेबलावरचं स्केचपेन उचलून मॉनिटरच्या काचेवरच बरोबरची खूण केली. अण्णांनी त्याच्याखाली सही केली. हो, काचेवर! जाताना अण्णा म्हणाले, "येतो तात्या." आठ वर्षांतला पहिला शब्द. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी फाईल उघडायला गेले तर फोल्डर नाही. शॉर्टकट. काचेवर तात्यांची खूण आणि अण्णांची सही, आणि मागे काही नाही. नावांचा क्रम मला आठवणं शक्य नव्हतं. पुन्हा विचारायला जावं तर पुन्हा आत्याबाई, पुन्हा बांध. मला रडूच कोसळलं. बापूंना फोन केला, ते निघाले, आणि तेवढ्यात तात्यांचा फोन आला की छापायला गेली का. इथे मी माती खाल्ली. म्हटलं, "व्हायरस आलाय तात्या, सकाळी अण्णांचा पेनड्राईव्ह घातला होता ना, देवीच्या फोटोचा, त्यातून आला असेल." पलीकडून तात्यांचा आवाज चढला, "तरीच! तरी मी म्हनत हुतो ह्यो एवढा गोड का झाला! माझ्या पोरीचं लग्न बुडवायला आल्ता!" आणि फोन आपटला. माझी जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला.

बापू आले, माउस पिशवीत गेला, तपासणी झाली. मी पहिल्यांदाच खरं ते सांगितलं, तात्यांना फोनवर काय बोलून बसले तेही. काळी खिडकी उघडली, ओळ टाइप झाली, डोळे मिटले, डोळे उघडले. एकशेब्याऐंशीच्या एकशेब्याऐंशी नावं जागच्या जागी! बापूंनी मशीन धुऊनपुसून लख्ख केली. "आता एक कॉपी आपल्याकडं ठिवू," म्हणत चुन्याची डबी उघडली, पेनड्राईव्ह लावला, आणि आमच्या डोळ्यांदेखत फोल्डरचे पुन्हा शॉर्टकट झाले.

"पुन्हा आला मेला!" मी ओरडले. बापूंनी पुन्हा साफ केलं. पेनड्राईव्ह काढून ठेवला, पाच मिनिटं थांबले, मशीन ठणठणीत. लावला, शॉर्टकट. तिसऱ्यांदाही तेच. बापूंनी टेस्टर खिशातून काढला आणि उगाच परत खिशात ठेवला.

"ताई, अण्णांचा पेनड्राईव्ह कधी घातला हुता?"

"आज सकाळी."

"आन् मी कवा आल्तो?"

"ते दोघं गेल्यावर. औषध भरायला. तोवर सगळं जागच्या जागी होतं."

त्यांनी पेनड्राईव्ह उपसून हातात धरला. मग म्हणाले, "अकरा दुकानं. दर आठवड्याला औषध म्हनून मीच वाटत फिरलो."

मला खरं तर हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. मी समजूत घातली, "जाऊ द्या बापू, कुणाला कळणार आहे? आपण दोघंच इथे." ते एकदम ताठ झाले. "आन् त्या अण्णानं काय करायचं? त्याच्या माथी जन्मभर?" मी म्हटलं, असं सांगत फिरलात तर धंदा बसेल तुमचा. "बसंल तर बसंल. चला, तुमीबी चला. तुमचीबी जीभ लई चालली." खोटं काय होतं त्यात?

मशीन पुन्हा साफ करून, छपाईसाठी ट्रेसिंग पेपरवर पत्रिका काढून, ती पिशवीत घालून आम्ही वस्तीवर पोहोचलो. अंगणात अण्णा उभे, ओट्यावर तात्या, मधे रडून डोळे सुजलेली सुवर्णा. तमाशाला नुकतीच सुरुवात झालेली. बापू चपला काढून सरळ मधे गेले. "तात्या, अण्णाचा पेनड्राईव्ह साफ हाय. घान माझ्या डबीतली. मी डाक्टर म्हनून फिरलो आन् मीच साथ पसरवली. काय बोलायचं ते मला बोला." मीही कसंबसं म्हटलं की नाव मी घेतलं होतं, न बघता.

अण्णा म्हणाले, "म्हंजे मी न्हाई?"

"न्हाई."

"ऐकलं का तात्या, मी न्हाई!"

आणि मग दोघं भाऊ मिळून बापूंवर तुटून पडले. असं झोडपलं, असं झोडपलं की विचारू नका. तात्यांनी वाक्य सुरू करायचं, अण्णांनी संपवायचं. "ह्या वयात कशाला—" "—नको ते धंदे करतो!" "पोरीच्या लग्नात—" "—असला घोळ घालतो!" पाव तास हे चाललं. बापू मान खाली घालून ऐकत होते, आणि सुवर्णा तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी दम लागल्यावर तात्या अण्णांना म्हणाले, "बस, पानी पी." दोघं एकाच ओट्यावर बसले. चहा आला. आणि कप खाली ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, "तात्या, ह्याचं नाव घालू का पत्रिकेत? मानूस सरळ हाय." कुठे घालायचं यावर पहिल्यांदाच वाद झाला नाही. 'व्यवस्थापक'च्या यादीत, शेवटी.

बापूंनी पुढचे तीन दिवस अकराही दुकानांत जाऊन गुन्हा कबूल केला आणि मशीन फुकट धुऊन दिल्या. चार दुकानं कायमची सुटली. चुन्याची डबी त्यांनी गटारात फेकली. दोन वर्षांनी डोळ्यांनी दगा दिला तेव्हा फेरीही थांबली. आता ते पारनेरला असतात आणि माझी मशीन मीच साफ करते, डोळे मिटून.

लग्नाला मी गेले होते. तुम्हाला ठाऊकच आहे, व्यवस्थापक म्हणून छापलेली माणसं मांडवात कडक इस्त्रीत मिरवतात, फेटे बांधून घेतात आणि पहिल्या पंगतीला बसतात. त्या पत्रिकेत सत्तेचाळीस व्यवस्थापक होते. पंगतीत पाहते तर सोन्याबापू लेंगा वर खोचून, घामाघूम होऊन बुंदी वाढतायत. दोन दिवस आधीच मुक्कामाला आले होते म्हणे. पाण्याचा टँकर, खुर्च्या, सगळं त्यांनीच पाहिलं. मी म्हटलं, "बापू, अहो, हे काय? बसा की." त्यांनी माझ्या पानात बुंदी टाकली. "छापलंय न्हवं तसं? मंग करायला नको का?" आणि पुढच्या पानाकडे गेले.