किल्ल्यातल्या म्हातारीचं पुढे काय झालं

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर तर कोंबडीने उकरून ठेवल्यासारखं आहे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा नदीपलीकडे, आणि नदीपलीकडे मुलीला कोण पाठवणार. ही वही कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे माफी मागायची तरी कोणाची हा प्रश्नच आहे. तरी मागून ठेवते. नवऱ्याच्या हाती लागली तर तो हसेल, पण वाईट नाही हसायचा.

मी सीवूड्सला तीन घरी पोळी-भाजी करते. तिसऱ्या घरात दर शुक्रवारी पुस्तकांचं कपाटही पुसते. त्या घरची ताई कॉलेजला आहे. तिच्या कपाटात लहानपणची पाच जाडजूड पुस्तकं ओळीने आहेत. लेखक परदेशी आहे, पण पुस्तकं मराठीत केलेली आहेत. एका शुक्रवारी पहिलं पुस्तक पुसायला काढलं, सहज उघडलं आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. धुक्यात उभा असलेला एक किल्ला होता आणि त्यात सावली नसलेली एक मुलगी राहत होती. सावली नाही म्हणून तिला कोणी दारात उभं करायचं नाही. मागे ताई कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. फडकं माझ्या खांद्यावर तसंच.

मला वाटलं आता बोलणी बसणार. ताई म्हणाली, "मावशी, न्या ना घरी. पण दुमडू नका हं पान."

मी पान कधीच दुमडलं नाही. खुणेला विजेच्या बिलाचा कागद घालायची. दुपारी अडीचला घरी आले की जेवण करून आडवं व्हायचं आणि चारपर्यंत वाचायचं. पाच पुस्तकांना मला वर्षापेक्षा जास्त लागलं, कारण मी ओठ हलवत वाचते.

त्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी होती. तिला नाव नव्हतं, सगळे तिला नुसतं आजी म्हणायचे. ती विस्तवाशी बोलायची आणि विस्तव तिला उत्तर द्यायचा. सावली नसलेल्या मुलीला सगळे हाकलायचे, पण आजी तिला चुलीपाशी बसवायची, कारण चुलीच्या उजेडात कोणाला सावली आहे आणि कोणाला नाही हे कोण बघतो. तिसऱ्या पुस्तकात शत्रू येतो. सगळी माणसं पुलावरून पळून जातात. आजी मागे थांबते. चुली पेटत्या ठेवते, धूर वर जात राहतो आणि शत्रूला वाटतं किल्ला भरलेला आहे. माणसं वाचतात. त्यानंतर चौथं पुस्तक झालं, पाचवं झालं, मुलगी राणी झाली, तिचं लग्न झालं, आणि आजीबद्दल एक अक्षर नाही.

मी पाचवं पुस्तक परत केलं त्या दिवशी ताईला विचारलंच. एरवी मी त्या घरात मीठ संपलं, तेल संपलं याच्यापलीकडे फार बोलत नाही.

"ताई, ती स्वयंपाकघरातली आजी. तिचं पुढं काय झालं?"

ताई विचारात पडली. "कोणती आजी?"

मला फार वाईट वाटलं. मी सांगितल्यावर तिला आठवलं. म्हणाली, "लेखक विसरला असेल हो. मावशी, एक सांगू? अशा राहिलेल्या गोष्टी लोक स्वतः लिहितात. त्याला फॅन फिक्शन म्हणतात. माणसं तीच, किल्ला तोच, पण गोष्ट आपली."

"लेखकाला चालतं?"

"पैसे नाही घेत कोणी. नुसतं आवडीपोटी लिहितात."

तिला वाटलं मला हे नवीन असेल. मला नवीन नव्हतं. माझी आई जात्यावर देवाच्या ओव्या म्हणायची. पोथीत देवाची बायको नुसती बाजूला उभी असते. आईच्या ओवीत ती रुसायची, माहेरी जायची, भावाला चुगली सांगायची, तिच्या हाताला फोड यायचे. पोथीत कुठे आहेत ते फोड? आईने घातले. शेजारच्या गावच्या बाया आणखी वेगळं म्हणायच्या. कोणी कोणाला खोटं म्हटलं नाही.

दोन दिवसांनी ताईने इंटरनेटवर शोधून काढलं. कोणीतरी मराठीत आजीचीच गोष्ट लिहीत होतं, भागा-भागाने, टोपणनाव घेऊन. माझा फोन साधा, बटणांचा. त्यात अशी गोष्ट दिसत नाही. ताई म्हणाली माझ्या फोनवर वाचा, पण कामाच्या घरी बसून गोष्ट वाचणं मला जमणार नव्हतं. मग असं ठरलं की ताईने एकेक भाग आम्ही आता राहतो त्या नेरूळ गावातल्या झेरॉक्सवाल्या भाऊंच्या फोनवर पाठवायचा आणि त्यांनी छापून ठेवायचा. एका पानाला तीन रुपये. ताई पैसे द्यायला निघाली, मी नको म्हटलं.

झेरॉक्सवाले भाऊ इथलेच, गावचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचीच इमारत आहे, खाली दुकान, वर ते स्वतः आणि भाडेकरू. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांची प्रोजेक्टं, असलं सगळं छापतात. पहिला भाग घ्यायला गेले तेव्हा चष्म्यावरून बघून म्हणाले, "वैनी, ह्यो कसला अर्ज हाय? सही कुठं करायची?"

मी मान खाली घालून सांगितलं, "अर्ज नाही भाऊ. गोष्ट आहे."

"तुमच्या पोराची?"

"माझीच."

त्यांनी चष्मा वर सारला. दहा पानं स्टेपल करून दिली.

पहिले चार भाग मी रोख पैसे देऊन नेले. गोष्ट छान होती. शत्रू स्वयंपाकघरात शिरतो, आजीला पकडत नाही, उलट आमच्यासाठी रांध म्हणतो. ती रांधते. रोज थोडं मीठ जास्त घालते. फौज तहानलेली राहते, विहीर उपसून उपसून आटायला लागते. मी वाचताना हसायची. नवरा म्हणाला, "एवढी कागदं घेऊन बसतेस, कोर्टात केस लागली काय आपली?"

पाचव्या भागापासून उधारी सुरू झाली. त्या महिन्यात मुलीच्या शाळेचं भरायचं होतं. भाऊंनी वहीत माझ्या नावाची ओळ घातली आणि म्हणाले, "लिवून ठेवतो. घाई नाय." मग जरा थांबून म्हणाले, "वैनी, ती म्हातारी मीठ घालते ते आमच्या आयेसारखं हाय. पावना नको असला का आमची आये आमटी खारट करायची."

तेव्हा मला कळलं की भाऊ छापताना वाचतात. नुसते वाचत नाहीत, वर जाऊन बायकोला वाचून दाखवतात. ती मासळी साफ करत ऐकते आणि मध्येच काही विचारते, ते भाऊ मला विचारतात. किल्ल्यात मासळी मिळत होती का, असं तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं मूळ पुस्तकात नदी आहे, तेव्हा मिळत असेल. मूळ पुस्तकं मी वाचलीत म्हणून त्या दुकानात माझ्या शब्दाला वजन आलं. एरवी माझ्या शब्दाला वजन येण्याची जागा फार नाही. मी दुकानापुढच्या स्टुलावर पाच-पाच मिनिटं बसायला लागले.

चौदाव्या भागात आजी भुयारातून निघते. मडक्यात किल्ल्यातला विस्तव घेऊन निघते, कारण तो विझला तर तिच्याशी बोलणारं कोणी उरणार नाही. भुयारात पाणी ठिबकत असतं. भाग तिथे संपला. मग आठवडा गेला, महिना गेला, पंधरावा आला नाही. भाऊ मला लांबून बघूनच हाताने नाही म्हणायचे.

ताईला विचारलं. तिने फोन उघडून दाखवला. लिहिणारीने शेवटी दोन ओळी टाकल्या होत्या, की कोणी वाचत नाही, म्हणून ही गोष्ट मी इथेच थांबवते. गोष्टीखाली किती जणांनी वाचली याचा आकडा येतो. पहिल्या भागाखाली बेचाळीस होते. चौदाव्या भागाखाली एक.

"तो एक म्हणजे मी," ताई म्हणाली.

मी गॅस बारीक केला. चूक माझ्या ध्यानात आली. आम्ही कागदावर वाचत होतो. मी, भाऊ, भाऊंची बायको. तिच्या आकड्यात आम्ही आलोच नव्हतो. पंगतीत भरपूर जेवून, वाढणारीला चांगलं झालंय असं न सांगता मागच्या दाराने निघून यावं तसं आम्ही केलं होतं. मी तीन घरी रांधते. असं कोणी केलं की कसं वाटतं ते मला दुसऱ्याने सांगायला नको.

ताई म्हणाली, "मावशी, तुम्ही लिहा तिला. मी टाईप करते."

"तुमीच लिहा ना."

"मी काय लिहू? आजी तुमची आहे."

चार दिवस मी काही लिहिलं नाही. आपलं चौथीचं लिहिणं, ती शिकलेली असणार, गोष्टी लिहिते म्हणजे. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "लिवा वैनी. आमची बायको जेवताना पन विचारते, ती भुयारात किती दिस बसनार हाय." पाचव्या दिवशी दुपारी वाचायच्या वेळेत एक पान लिहिलं. ते असं होतं:

"नमस्कार. तुमची गोष्ट आम्ही तिघं कागदावर छापून वाचतो, म्हणून तुमच्या आकड्यात येत नाही. आमची चूक झाली. आजीला भुयारात ठेवू नका. आणखी एक सांगते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की ती मडक्यातला विस्तव फुंकत फुंकत नेते. विस्तव फुंकत नेला तर वाटेत जळून संपतो. तो राखेत पुरून नेतात. वरून राख दाबायची. मग पाणी ठिबकलं तरी चालतं."

ताईने ते दोनदा वाचलं. मग जसंच्या तसं टाकलं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. ताईने मला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवलं. "मला वाटत होतं मी भिंतीशी बोलते आहे. तुम्ही तिघं आहात हे वाचून मी आईला फोन केला. मी हॉस्टेलला राहते, चूल कधी पेटवलेली नाही. निखारा राखेत किती वेळ टिकतो?"

मी म्हटलं, "बाभळीचा असला तर रात्रभर. सांगा तिला."

पंधरावा आणि सोळावा भाग एकदमच आले. सोळाव्याखाली समाप्त लिहिलं होतं, असं ताईने सांगितलं. वाचून दाखवू का म्हणाली. मी नको म्हटलं. शेवट मला माझ्या डोळ्यांनी, ओठ हलवत वाचायचा होता.

दुकानात गेले तर भाऊंनी पंधरावा हातात ठेवला आणि सोळावा खणात टाकून खण लावून घेतला.

"वैनी, आता मागचा हिशेब. तीनशे साठ. गोष्ट संपली, उद्या तुमी कशाला याल दुकानात."

"असं काय करता भाऊ. पगार सात तारखेला होतो."

"मंग सात तारखेला या. ती म्हातारी जित्ती हाय का मेली, ते मला ठाव हाय."

"सांगू नका."

"नाय सांगत. बायकोला पन दम दिलाय."

मला राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा बघून आला नाही. त्यांना गोष्ट संपल्याचं माझ्याइतकंच लागलं होतं. सात तारखेला नऊ दिवस होते. पंधराव्या भागात आजी राखेवर हात ठेवून अंधारात चालत राहते, मी तोच पुन्हा पुन्हा वाचला. भाजी आणायला जाताना दुकानावरून जावं लागायचं. भाऊ नुसते खणाकडे बोट दाखवायचे.

सात तारखेला तिन्ही घरचे पैसे मिळाले तशी घरी न जाता आधी दुकानात गेले. चारशे काउंटरवर ठेवले. भाऊंनी खण उघडला, पानं दिली आणि सुट्ट्यासाठी गल्ला चाळू लागले. मी घरापर्यंत थांबले नाही. स्टुलावर बसले.

आजी पोचते. नव्या शहरात राणीच्या मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी मडकं घेऊन उभी राहते. पहारेकरी तिला ओळखत नाही. ती राख बाजूला करते, निखारा अजून लाल असतो. तो काहीतरी बोलतो, आणि आत जेवायला बसलेली राणी ताटावरून उठते, कारण तो आवाज तिने लहानपणी चुलीपाशी बसून ऐकलेला असतो. पुढची दोन वाक्यं मी इथे लिहीत नाही. ती माझ्यापाशी आहेत.

भाऊंनी विचारलं, "झालं का वाचून?"

मी मान हलवली. त्यांनी चाळीस रुपये परत दिले, वही पुढे ओढली आणि माझ्या नावाच्या ओळीवर लाल पेनाने सावकाश, पट्टी लावून रेघ मारली. तीनशे साठ पूर्ण, एक रुपयाही बाकी नाही.