आपटेकाकांचा पाठिंबा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. स्टोअररूममधल्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते आपोआप साठतात. रोज एखादी टाकतो, लक्षही जात नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात! नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरे गावच्या कट्ट्याचं तसंच आहे. दर शनिवारी सकाळी पोरं मराठी शाळेत आत, आणि आम्ही बाहेर वस्तीच्या हॉलमध्ये. दोन तास. मशीनची पांचट कॉफी. पोरं आत बाराखडी गिरवतात आणि बाहेर येऊन एकमेकांशी डचमध्ये भांडतात. आम्ही मात्र दोन तास अस्सल मराठीत एकमेकांची उणीदुणी काढतो.

आमचे निम्मे किस्से आपटेकाकांचे. श्रीनिवास आपटे, वय बहात्तर. मूळचे सांगलीचे, मग छत्तीस वर्षं इंग्लंडमधल्या एका लहान गावात इंजिनिअर. काकू गेल्यावर मृणालनं, त्यांच्या लेकीनं, त्यांना इकडे आणलं. नातीला शनिवारी शाळेत आणायचं काम त्यांचं. पासपोर्ट ब्रिटिश, चहा सांगलीचा आणि निष्ठा लाल पक्षावर! तिकडच्या पक्षांची नावं ते घेतच नाहीत. लाल, निळे आणि अलीकडे उगवलेले 'नवे'. आपणही तेच चालवू.

आणि मी शलाका. नोकरी एचआरमध्ये, म्हणून अख्ख्या कट्ट्याचे फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात. मला नाही म्हणता येत नाही, आणि कुरकुर केल्याशिवाय राहवतही नाही.

*

काका नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. गल्लीतून एक चक्कर मारून आले आणि अगदी भारावून गेले.

"शलाका, इथं प्रचार काय सोपा असेल गं! खिडक्यांना पडदेच नाहीत. माणूस घरात आहे की नाही ते रस्त्यावरूनच दिसतं. तिकडे आम्ही बेल वाजवली की लोक सोफ्यामागे लपायचे!"

"लपलेत ते तुम्हाला कसं कळायचं?"

"कुत्रा सोफ्याकडे बघून भुंकायचा ना!"

*

काकांनी ज्याला पाठिंबा दिला तो पडला, हा कट्ट्याचा अनुभव. डच निवडणुकीत त्यांना मत नव्हतं, पण मत असायचंच. ते म्हणाले हा येणार, की तो गेलाच! फुटबॉलमध्येही तेच.

मग आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षपदाला नीलेश उभा राहिला. नीलेश म्हणजे कट्ट्याचा विदूषक, पण कामाला वाघ. त्यानं काकांना बाजूला घेऊन अक्षरशः हात जोडले. "काका, तुमचं माझ्यावर प्रेम आहे ना? मग माझ्याबद्दल एक शब्दही बोलू नका!"

काकांना राहवेना. ग्रुपवर त्यांनी नीलेशच्या बाजूनं हा एवढा लांबलचक मेसेज टाकला. लोकशाही, निष्ठा, तरुण रक्त, सगळं त्यात आलं.

सकाळपर्यंत नीलेश बिनविरोध होता. संध्याकाळी समोर दोन उमेदवार उभे!

*

डेरेकचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका उलथन्यापायी.

काका इंग्लंडला गेले त्याच वर्षी त्यांच्या दारात एक पोस्टमन उभा राहिला. टपाल द्यायला नव्हे, मत मागायला. हाच डेरेक. चहा प्यायला, पोहे खाल्ले आणि जाताना काकांनाच बरोबर घेऊन गेला पत्रकं वाटायला! पहिल्याच गल्लीत त्यानं धडा दिला: दारातल्या टपालाच्या फटीत बोटं घालायची नाहीत, आत कुत्रा असतो. लाकडी उलथन्यानं पत्रक आत सारायचं.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरातलं उलथनं उचललं. इकडे तव्यावर डोसा, आणि काकू अख्खं स्वयंपाकघर धुंडाळतायत! शेवटी त्यांनी दोन उलथनी आणली. एक डोशाचं, एक पक्षाचं.

"आणि काकू गेल्या तेव्हा?" मी एकदा विचारलं.

"तेव्हा डेरेक तेरा दिवस रोज संध्याकाळी सूप घेऊन यायचा," काका म्हणाले. "त्याला तेरा दिवसांचं कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. समोर बसून मला प्यायला लावायचा. मीठ नसायचं त्यात. मी काही बोललो नाही."



*

पुढची गोष्ट सांगताना काका हसायचा प्रयत्न करतात. जमत नाही.

मुलीकडे आल्यावरही त्यांचा दर रविवारी डेरेकला फोन असायचा. एका रविवारी डेरेक म्हणाला, "श्री, मी लाल सोडला. नव्यांकडे गेलो." नवे म्हणजे तेच, ज्यांचं म्हणणं देशात बाहेरची माणसं फार झाली. डेरेकनं कारणं दिली. पोस्ट ऑफिस बंद झालं, दवाखान्यात नंबर लागत नाही, लाल पक्षाचे लोक आता गावात फिरकत नाहीत.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डेरेक, बाहेरची माणसं म्हणजे कोण? मी?"

"छे! तू नाही रे. तू श्री आहेस."

काका आम्हाला म्हणाले, "हे वाक्य मी शेकडो दारांत ऐकलंय. तुम्ही नाही हो, बाकीचे. गोड हसून बोलतात. पण तेव्हा ते ऐकताना डेरेक माझ्या शेजारी उभा असायचा. गल्लीच्या टोकाला गेलो की अशी शिवी हासडायचा त्यांना, की माझा सगळा राग निघून जायचा."

कॉफी गार झाली होती. नीलेश गुपचूप उठला आणि दुसरी घेऊन आला.

*

पण कहर पुढेच होता. डेरेक नगरसेवकपदाला उभा राहिला, नव्यांकडून. तिकडच्या कुणी ओळखीच्यानं त्याच्या पत्रकाचा फोटो काकांना पाठवला. पत्रकावर मधोमध कोण? आपटेकाका! कधीच्या काळचा फोटो, दोघं एका छत्रीत, हातात पत्रकांचा गठ्ठा. लाल बिल्ले तेवढे कापलेले. खाली ओळ: माझा सर्वांत जुना मित्र श्री माझ्यासोबत आहे.

छत्तीस वर्षांत काकांच्या पक्षानं त्यांचा फोटो कधी छापला नव्हता. छापला तो ह्यांनी!

"काका, फोटो मात्र झकास आलाय," नीलेश म्हणाला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं. मृणाल म्हणाली, वकील करू. काका म्हणाले, वकील कशाला, मला लिहिता येतं. त्यांनी गावच्या वर्तमानपत्राला पत्र धाडलं: माझा ह्या उमेदवाराला पाठिंबा नाही, होता असं कुणी समजू नये. पत्र छापून आलं. रविवारचे फोन बंद झाले.

आणि निकाल? काकांनी इतका जाहीर विरोध केल्यावर दुसरं काय होणार! डेरेक दणक्यात निवडून आला.

*

आता जरा कायद्याचं सांगते, फार नाही. देश सोडला तरी तिथल्या पार्लमेंटसाठी मत देता येतं. पण पोस्टाची मतपत्रिका इथं पोचेपर्यंत कधीकधी निवडणूक उरकलेली असते. म्हणून गावातला एक माणूस नेमायचा, तो केंद्रावर जाऊन तुमचं मत टाकतो. काकांनी इकडे येतानाच माणूस नेमला होता. कोण असणार? डेरेक! आणि भांडणाच्या भरात ते नाव बदलायचं साफ राहून गेलं.

तिकडे पार्लमेंटची पोटनिवडणूक लागली तेव्हा काकांना आठवलं. सायकल दामटत माझ्या घरी आले. मी बघितलं तर नाव बदलायची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली.

"एकदा म्हणून चुकलो नाही मी मत द्यायला," काका म्हणाले. "आणि आता माझं मत त्याच्या खिशात!"

"एक फोन करा. लालला टाक म्हणून सांगा."

"मी फोन करणार नाही."

"मग तो टाकेल नव्यांना! आणि तुम्हाला कळणारही नाही. मत गुप्त असतं काका."

"मला कळेल," काका म्हणाले आणि हेल्मेट न घालताच निघाले. इथं कुणीच घालत नाही, पण काका नेहमी घालायचे.

मतदानाच्या दिवशी डेरेकचा मेसेज आला. शनिवारी काकांनी मला दाखवला: "श्री, तुझं मत टाकून आलो. लालला. मॉरीननं खुर्चीतून ढकलत नेलं. हात फार थरथरतो हल्ली, पण फुली चौकटीतच आहे."

मॉरीन ही डेरेकची बायको. आणि खुर्ची कसली, ते माझ्या लगेच लक्षात आलं.

"काका, व्हीलचेअर! ते आजारी आहेत. फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर!"

"नाटकं असतील," काका म्हणाले. मग मेसेज पुन्हा वाचला. "उद्या करतो. रविवार आहे. रविवारी तो घरीच असतो."

रविवारी त्यांनी फोन केला नाही. का नाही केला ते मी विचारलेलं नाही. आपल्याला काय ठाऊक नाही का, असे फोन का राहतात?

पुढच्या शनिवारी हॉलमध्येच त्यांचा मोबाइल वाजला. मॉरीन होती. काका बाहेर सायकली लावतात तिथं जाऊन उभे राहिले. काचेतून दिसत होते. बोलणं संपलं तरी फोन कानालाच होता. आत आले आणि मला विचारलं, "शाळा सुटायला किती वेळ आहे गं?"

"पंधरा मिनिटं."

"डेरेक गेला." खुर्चीवर बसले. "मॉरीन म्हणाली, आठ दिवस फोन उशाशी घेऊन झोपायचा."

मला त्यांचा संताप आला होता आणि रडूही येत होतं. मी दोन्ही गिळलं. पोरं सुटली, नात धावत आली, तिनं डचमध्ये काहीतरी विचारलं आणि काकांनी तिच्या जाकिटाची चेन लावली.

*

अंत्यविधीला काका एकटेच गेले. हट्टानं. मृणाल बरोबर येते म्हणाली तर तिला नाही म्हणाले.

आल्यावर आम्ही विचारलं, गर्दी होती का? "नवे बरेच होते," काका म्हणाले. "लाल पक्षाचं कुणी आलं नव्हतं. ज्याच्या घरी त्यांची निम्मी पत्रकं घडी करून झाली, त्याच्याकडे कुणी आलं नाही."

"तुम्ही होतात ना," नीलेश म्हणाला. पहिल्यांदाच तो काहीतरी शहाण्यासारखं बोलला.

"मी उशिरा गेलो," काका म्हणाले.

*

आणि ही मागच्या शनिवारची. नेमलेला माणूस गेला की दुसरा नेमावा लागतो. काका माझ्या शेजारी येऊन बसले, मी लॅपटॉप उघडला. कट्टा भोवती गोळा झाला. आमच्याकडे फॉर्मसुद्धा एकट्यानं भरू देत नाहीत!

"काका, ह्या वेळी लाल पक्षाच्या ऑफिसातलाच एखादा पक्का माणूस घ्या," नीलेश म्हणाला. "पुन्हा जिवाला घोर नको."

"नाव सांगा," मी म्हटलं.

"मॉरीन लिही."

डेरेकच्या रिकाम्या झालेल्या जागेवर सध्या मॉरीन उभ्या आहेत. नव्यांकडून.

"अहो काका, त्या नव्यांच्या उमेदवार आहेत!"

"माहीत आहे मला."

"मग तुमचं मत..."

"तू लिही गं."

मी नाव लिहिलं. पत्ता त्यांनी घडाघडा सांगितला, पिनकोडसकट. पुढची चौकट होती: ह्या व्यक्तीशी तुमचं नातं काय, असल्यास लिहा. मी आपली 'मित्राची बायको' असं टाइप करू लागले.

काकांनी माझं मनगट धरलं.

"ते खोड," म्हणाले. "वहिनी लिही."