जेवणानंतरची गोळी

आमच्या यजमानांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रोज दुपारी जेवणानंतर एक गोळी सुरू झाली, रक्त पातळ ठेवणारी. "एक दिवसही चुकवायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं. यांनी बाहेर येऊन चिठ्ठीची झेरॉक्स काढली. सगळा जन्म सरकारी कचेरीत गेलेला, त्यामुळे तोंडी सांगण्याला यांच्या लेखी किंमत शून्य.

पुढे यांची भक्ती वाढली. आधी फक्त संकष्टी असायची. मग सोमवार आला, गुरुवार आला, दोन्ही एकादश्या आल्या. नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कौतुक! मीही मेली खुळी, हौसेने साबुदाणा भिजवत बसायचे.

एकदा कपाट आवरताना गोळ्यांच्या चार पट्ट्या सापडल्या, न उघडलेल्या. मी दर महिन्याला लागतील नेमक्या तेवढ्याच आणते, मग या उरल्या कशा?

"उपासाच्या दिवसांच्या आहेत त्या," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "चिठ्ठीत जेवणानंतर लिहिलंय. उपासाला मी जेवतो का?"

"आणि ताटभर खिचडी हाणता ती?"

"तो फराळ."

मी कपाळावर हात मारला. "अहो, दरवर्षी वडाला फेऱ्या मारून सात जन्म मागते मी, आणि तुम्हाला हा एक धड निभावता येईना!" एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. इतके दिवस हा माणूस माझ्या हातची खिचडी खाऊन मरणाशी खेळत होता, याची भयंकर भीती वाटली मला.

त्याच संध्याकाळी यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हसू दाबत चिठ्ठीवर लिहून दिलं, 'जेवणानंतर किंवा फराळानंतर, रोज.' हे तिथेच म्हणाले, "खाली सही करा." त्याचीही झेरॉक्स निघाली. तेव्हापासून गोळी एकदाही चुकलेली नाही. गुरुवारचा उपास मात्र गुपचूप बंद झाला. मीही गुरुवारी साबुदाणा भिजवणं सोडलं.

यंदा वटपौर्णिमेला वड पुजून आले, दोन रताळी खाल्ली आणि जरा आडवी झाले. तर हे समोर उभे, एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात माझी ब्लडप्रेशरची गोळी.

"अहो, आज उपास आहे माझा. एक दिवस नाही घेतली तर काय होतंय?" मी म्हणाले.

"सात जन्म मागून आलीस ना आत्ताच?" हे म्हणाले. "मग याच जन्मात मला एकट्याला टाकून जायचा विचार आहे का?"

बोलणं नेहमीसारखंच तिरकं होतं, पण हे माझ्या उशाशी टेकले आणि पेला पुढे धरला. मी उठून बसले आणि गोळी घेतली.